तीन रात्री रस्त्यावर : घोडबंदर ते कळंबोली

माझी मावसबहीण, भावजी आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी गेलं दीड वर्ष गाडीत राहतात. सतरा सीटांची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. सीटा काढून आत दोन पलंग, छोटा ओटा, २०० लिटरची पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात एवढंसं संडास केलंय. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडला, सामान सासरी टाकलं आणि निघाले. भावजींचं काम लॅपटॉपवर चालतं, भाची मुक्त विद्यालयातून पाचवीला बसणार आहे. फेब्रुवारीत ते ठाण्याला आले तेव्हा ताई म्हणाली, "जेवायला वगैरे बोलावू नकोस, तूच आमच्याकडे राहायला ये." ठाण्यात मला सत्तावीस वर्षं झाली, पण इथल्या रस्त्यावर मी एक रात्रही काढली नव्हती. पिशवी भरली आणि गेले.

गुरुवार : घोडबंदर रोड

दुपारी मामलेदार मिसळ खाल्ली (भाचीनं हट्टानं तिखट मागवली आणि डोळ्यांतून पाणी काढत संपवली), तलावपाळीला एक चक्कर मारली आणि संध्याकाळी घोडबंदरच्या सर्व्हिस रोडला एका मोठ्या संकुलाच्या भिंतीलगत गाडी लावली. भावजींचे एक मित्र तिथे राहतात.

दहा मिनिटांत माणसं जमली. फिरायला निघालेले आजोबा, कुत्रं घेऊन आलेली मुलगी, क्लासहून परतणारी पोरं. ताई दार उघडंच ठेवते. चपला बाहेर काढा आणि या आत, म्हणते. लोक काय काय विचारतील ते तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि प्रश्न त्याच क्रमानं आले. पहिला, बाथरूमचं काय? मग शाळेचं काय? मग जरा आवाज खाली आणून, घर विकलंत का? बायका शेवटी ओटा बघतात, डबे कसे लावलेत ते बघतात, आणि एखादी तरी म्हणते, "बाई, किती हिंमत तुमची!" सेक्रेटरी स्वतः खाली आले. वॉचमनला म्हणाले, यांना आपल्या नळावर पाणी भरू दे, रात्री लक्ष असू दे. एका काकूंनी गाजराच्या हलव्याचा डबा आणून दिला, आणि परत द्यायला कुठे येणार, डबा राहू द्या, असं म्हणून तोही देऊन टाकला.

रात्री झोप बरी लागली. अवजड गाड्यांची घरघर थोड्या वेळानं कानांना कळेनाशी होते.

पहाटे साडेपाचला काठी लोखंडी कठड्यावर आपटल्याचा आवाज आला. पडदा सारला तर कालचाच वॉचमन. आमच्यापासून तीसेक पावलांवर, त्याच भिंतीलगत, एक कुटुंब झोपलं होतं. फुगे विकणारं. रात्री आमच्याकडे एवढी वर्दळ होती, पण त्यांच्याकडे आमच्यापैकी कुणाची नजर गेली नव्हती. "चला, उठा, वॉकवाले यायच्या आत उरका." कुणी वाद घातला नाही. बाईनं मच्छरदाणीच्या चार दोऱ्या सोडल्या, मच्छरदाणी अर्धी, पुन्हा अर्धी, मग पोळीसारखी गुंडाळत आणली. तीन विटांवरचं काळं पातेलं पोत्यात गेलं, पोतं गुलमोहराच्या बेचक्यात. विटा एकावर एक रचून भिंतीला टेकवून ठेवल्या. पाच मिनिटांत तिथे कुणी राहत होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

जाताना ती तेलाचा पाच लिटरचा डबा घेऊन आमच्या दाराशी आली. "ताई, तुमच्या गाडीत पाणी असंल ना?" ताईनं डबा भरून दिला. ती गेल्यावर वॉचमन जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, यांना सवय लावू नका, रोज येतील." ते पाणी त्याच्याच संकुलाच्या नळाचं होतं, काल त्यानंच पाईप लावून दिला होता. त्याला दोष द्यावासा मला वाटत नाही. तो स्वतः बारा तास प्लास्टिकच्या खुर्चीवर काढतो आणि त्याला वरून जे सांगितलं जातं तेच तो करतो. पण सांगणारे आम्हीच असतो, हे मला त्या पहाटे फार जवळून दिसलं.

गाडीत राहायचा विचार असेल त्यांच्यासाठी एवढंच : सीटा काढून घर करायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, त्यामुळे निदान 'कॅरॅव्हॅन' हा शब्द अधिकाऱ्यांच्या ओळखीचा झालाय. सर्व्हिस रोडला लावताना दुकानाचं शटर आणि सोसायटीचं गेट सोडून लावा आणि कुणी विचारायच्या आधी आपणच जाऊन सांगा.

शुक्रवार : तीन हात नाका, मग खाडीपलीकडे

तीन हात नाक्याच्या पुलाखाली सिग्नल शाळा आहे. समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था ठाणे महापालिकेच्या साथीनं २०१६ पासून ती चालवते. मालवाहू कंटेनरचे वर्ग, वर पूल, दोन्ही बाजूंनी वाहती गाड्यांची धार. भाचीला बघायची होती म्हणून आधी फोन करून, परवानगी घेऊन गेलो. (असंच जा. वाटेत थांबून डोकावायला आणि फोटो काढायला ती जागा नाही.)

इथली बरीच कुटुंबं मराठवाड्यातून दुष्काळात निघालेली, त्यांत पारधी समाजाची पुष्कळ. पुलाखाली बिऱ्हाड, सिग्नलला गजरे आणि फुलं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पारधीही पुढे त्या यादीत आले. ३१ ऑगस्ट १९५२ला तो शिक्का निघाला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कागदावरून निघाला, एवढं खरं. चोरी कुठेही होवो, पहिला संशय कुणावर येतो हे पुलाखालच्या माणसांना विचारायची गरज नाही. आपण आपल्यालाच विचारलं तरी उत्तर मिळतं.

मधल्या सुट्टीत भाची एका मुलीशेजारी जाऊन बसली. वयानं तिच्याएवढीच, वेण्या घट्ट, रिबिनी पांढऱ्याशुभ्र. मी मागे उभी होते.

"तुझं घर कुठाय?"

"गाडीत," भाची म्हणाली.

"पूर्ण गाडीत? झोपता पण तिथंच?"

"हो."

मुलीनं थोडा विचार केला. मला वाटलं, आता हीही बाथरूमचं विचारणार. तिनं विचारलं, "मग रात्री तुम्हाला उठवतात का?"

दीड वर्षात शेकडो लोकांनी ताईला प्रश्न विचारले असतील, हा कुणी विचारला नव्हता. भाची म्हणाली, "नाही, अजून नाही." "आमाला उठवतात," ती म्हणाली आणि डब्यातली शेवटची पोळी तिनं दुमडून तोंडात घातली.

इथेच एक उपयोगाची गोष्ट लिहून ठेवते. रस्त्यावर राहणाऱ्या मुलाला शाळेत घालायचं असेल तर जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात, २००९च्या, ते स्पष्ट आहे. वय मोठं असलं तरी वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं असतं. मूल एकटं, आजारी किंवा संकटात दिसलं तर १०९८. हा नंबर फोनमध्ये असावा.

दुपारी मुलुंड-ऐरोली पुलावरून नवी मुंबईत उतरलो. ऐरोलीचं जैवविविधता केंद्र पाहिलं. फ्लेमिंगोंसाठी बोटीची फेरी भरती-ओहोटीवर ठरते, वेळ विचारूनच जा. आमची चुकली. काठावरून लांबवर गुलाबी रेघ दिसली तेवढ्यावर समाधान मानलं.

रात्री नेरूळला खाडीकडच्या एका शांत रस्त्यावर थांबलो. दीड वाजता काचेवर टकटक. टॉर्चचा झोत पडद्यावरून फिरला. भाची उठून बसली आणि तिनं माझा हात धरला. भावजी बाहेर गेले. गस्तीवरचे दोन पोलीस, बीट मार्शल, होते. आधी आवाज चढा होता, कोण, कुठले, इथे का थांबलात. भावजींनी आरसी दाखवली, दार उघडून आत आम्ही दिसलो, आणि आवाज लगेच खाली आला. "अरे, फॅमिली आहे होय! झोपा झोपा. इथे तशी काळजी नाही, तरी नंबर घेऊन ठेवा." जाताना एकानं भाचीला गुड नाइट केलं.

ती बराच वेळ जागी होती. मग म्हणाली, "मावशी, तिला आता सांगायला पाहिजे, आम्हालापण उठवलं म्हणून." थोड्या वेळानं पुन्हा, "पण आपल्याला झोपा म्हणाले ना."

शनिवार : एपीएमसी, शिळफाटा

पहाटे वाशीच्या बाजार समितीत. कांदा-बटाटा मार्केटच्या बाहेर ट्रकांची रांग, आणि प्रत्येक ट्रक हे घरच. चाकाच्या आडोशाला स्टोव्ह, आरशाला टांगलेला टॉवेल, केबिनमध्ये देवाचा फोटो. एक ड्रायव्हर दाढी करत होते, नाशिककडचे. वर्षातून साठ-सत्तर दिवस घरी असतो म्हणाले. ताईच्या गाडीत डोकावून त्यांनी एकच विचारलं, "पंखा बॅटरीवर किती तास चालतो?" मग दहा मिनिटं ते आणि भावजी बॅटऱ्यांबद्दलच बोलत राहिले. या चार दिवसांत आमच्या राहण्याचं कौतुक वा कीव न करता बोललेला हा पहिला माणूस. भाजी घ्यायची असेल तर सकाळी लवकर जा आणि किरकोळ मिळेल या आशेनं जाऊ नका, माप मोठं असतं.

महापेवरून शिळफाटा, आणि तिथून आत चौदा गावांच्या पट्ट्यात. टॉवर उगवताहेत, पण भात निघालेली खाचरं अजून मोकळी आहेत. एका खाचरात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट बिऱ्हाड, उतरला होता. दोन घोडी, वाघरीच्या जाळीत कोकरं, तीन दगडांची चूल, आणि ताडपत्री नुसती उशाशी घडी करून ठेवलेली. पाऊस नसेल तर उघड्यावरच झोपतात. पुरुष मेंढरं घेऊन लांब गेले होते. म्हातारी चुलीशी होती, तिची सून घोडीच्या पाठीचं खोगीर उन्हात टाकत होती.

ही माणसं सिन्नरकडची. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात यायचं आणि रोहिण्यांच्या आत पुन्हा वर. शेतकरी रात्री शेतात मेंढरं बसवून घेतो, लेंड्यांचं खत होतं, त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे. म्हातारी म्हणाली, "माझं लगीन झालं तवापास्नं हीच वाट. पयले गाववाले वाट बघायचे, आता शेतंच कमी. इमारतीत मेंढरं बसवता येत न्हाईत." आम्हाला तिनं बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. दूध आटवून केलेला चहा इतका दाट होता की पेल्याला साय धरली.

ताईनं विचारलं, लोक त्रास देतात का? म्हातारीनं आधी नाही म्हटलं. मग सून बोलली. "तवा, पोरं पळवणारी टोळी आली म्हणायचे, त्या साली लय वाईट गेलं. पाण्याला गावात गेलं की बाया दारं लावायच्या. आमीच चार महिने पोरांना घोडीवरून खाली उतरू दिलं न्हाई, की कुणी म्हणायचं, हे पोरगं तुमचं कशावरून."

ते साल २०१८. मला ते नीट आठवतं. १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारे समजून मारलं. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी तो मेसेज माझ्याही फोनवर आला होता. व्हिडिओ होता, खाली 'आपल्या परिसरात टोळी फिरतेय, सावध राहा' असं लिहिलेलं. माझा मुलगा तेव्हा सहावीत होता. मी तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरही टाकला. खरं की खोटं हे तपासायचं सुचलंसुद्धा नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. माझा त्याआधीच गेला होता.

हे मी त्या खाचरात बसून त्या सुनेला सांगितलं. का सांगितलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण तिची भाकरी हातात धरून गप्प बसवेना. तिला व्हॉट्सअॅपचं कळलं. तिच्याकडेही फोन आहे. ती म्हणाली, "माझ्याबी फोनवर आलता." आणि खोगीर उलटं करून दुसऱ्या बाजूनं वाळत घातलं.

वाड्यावर जायचं तर लांबूनच हाक द्या, कुत्री सोडलेली असतात. कोकरांना परस्पर उचलू नका. फोटोचं विचारा आणि नाही म्हटलं तर फोन खिशात ठेवा.

तळोज्यावरून कळंबोलीला पोहोचेतो अंधार पडला. लोखंड बाजाराच्या बाजूला रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची दोन पालं दिसली, निळ्या ताडपत्रीची. ताई उतरून बाईला म्हणाली, "तुमच्या शेजारी रात्रीपुरती गाडी लावली तर चालेल का?" ती बघतच राहिली. "आमाला इचारता व्हय? रस्ता काय आमचा हाय?" मग लगेच हातवारे करत, "तिकडं नगा, डंपर वळत्यात. नाल्याच्या अलीकडं घ्या. खिडक्या त्या बाजूच्या लावा, धूळ येती." पाणी कुठल्या पंपावर भरू देतात, कुठल्या वेळी, संडासाला पाच रुपये कुठे आणि दहा कुठे, सगळं तिनं सांगितलं. दीड वर्षात इतका उपयोगाचा सल्ला कुणी दिला नव्हता, असं भावजी म्हणाले.

रविवार : कळंबोली

सकाळी ऐरणीच्या आवाजानं जाग आली. भावजींना नारळ सोलायला छोटा कोयता हवा होता. घिसाडी बाईच्या नवऱ्यानं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा निवडला. लोखंड बाजार जवळ असल्यामुळे इथे पाटा मिळतो, म्हणून इथे थांबतात. भात्याच्या जागी आता हातानं फिरवायचा पंखा आहे, तो त्यांचा मुलगा फिरवत होता. पाटा लाल झाला की नवरा सांडशीनं धरून ऐरणीवर ठेवी आणि लहान हातोडीनं जिथे टिचकी मारी, नेमका तिथे बायकोचा घण पडे. टिक-धाड, टिक-धाड. एकदाही जागा चुकली नाही. ती घण उचलताना पदर दातात धरते आणि श्वास सोडते तो घण पडतानाच. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, बघतात फक्त लोखंडाकडे.

मी मध्ये एकदा विचारलं, मुलगा शाळेत जातो का. गेला होता, म्हणाली, दोन वर्षं, बीड जिल्ह्यात गावी आजीजवळ ठेवून. जातीचा दाखला काढायला गेले तेव्हा २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा राहिल्याचा पुरावा मागितला. भटक्या-विमुक्तांसाठी हीच तारीख धरतात. "तवा माझा सासरा पालात जन्मलेला, पाल कुठं उभं व्हतं ते त्यालाबी म्हाईत न्हाई. कुठल्या गावचा कागद आणायचा?" हे ती रागानं म्हणाली नाही. घण खाली ठेवला होता, पाणी पीत होती. ज्यांना घिसाडी, डवरी, गोपाळ कुणाचाही दाखला काढायला मदत करायची असेल त्यांनी आजोबा-पणजोबांचा जुन्या शाळेतला नोंदवहीचा उतारा, गावातला जन्म-मृत्यूचा दाखला असं काही सापडतं का ते आधी शोधावं. नातेवाइकांपैकी कुणाचं जातवैधता प्रमाणपत्र असेल तर तो मोठा आधार होतो. हे काम शिकलेल्या माणसाला दोन चकरांचं असतं, त्यांना दोन वर्षांचं.

मग पाणी द्यायची वेळ आली. पातं पुन्हा तापवलं आणि फक्त धारेकडची बाजू पाण्यात धरली. चर्र झालं, वाफ आली. पाठ बुडवायची नाही, नवरा म्हणाला, सगळा बुडवला तर एकदा पडला की तुटेल.

तेवढ्यात खारघरकडे निघालेले दोघं सायकलवाले थांबले. गाडीवर लिहिलेलं वाचून खूष झाले. कौतुक, प्रश्न, बाथरूमचं काय, सगळं झालं. मग एकानं फोन काढला आणि ताईला म्हणाला, "त्या लोकांना जरा बाजूला व्हायला सांगता का? फ्रेममध्ये येताहेत." चांगला मुलगा होता, मोठ्या प्रेमानं बोलत होता. ताई म्हणाली, "त्यांचं काम चाललंय. नंतर काढा." तो थोडा थांबला, फोन ठेवला आणि ऐरणीपाशी जाऊन उभा राहिला. कोयत्याचा भाव विचारला. घेतला नाही.

आमच्या कोयत्याचे साडेतीनशे झाले. मूठ बसवून तिनं तो भावजींच्या हातात दिला आणि नेहमीच्या गिऱ्हाईकाला सांगावं तसं म्हणाली, "चार-पाच दिस वापरा, मग आणून द्या, धार लावून देते, पैसे न्हाई." भाची म्हणाली, "पण आम्ही तर आजच पेणला चाललो."

ती थांबली. "आमीबी मंगळवारी उठनार," म्हणाली. मग कोयता परत घेऊन, पात्याच्या पाठीवर मुठीजवळ छिन्नीनं तीन बारीक खुणा ठोकल्या. "ह्ये दाखवा. आमचं मानूस कुठंबी भेटंल, त्यो लावून दील."